तासांचे पासबुक

दिवाळीनंतरच्या एका दुपारी एक मुलगा माझ्याकडे आला. धडगावकडच्या एका पाड्यावरचा. नंदुरबारला भाड्याची खोली घेऊन राहतो आणि मिरचीवर प्रक्रिया करणाऱ्या एका खाजगी उद्योगात संगणकावर बसतो. त्याच्या वडिलांचे खाते कधीकाळी मी होतो त्या शाखेत होते, एवढ्याच ओळखीवर तो आला होता. हातात चार घड्या घातलेला एक छापील कागद. "साहेब, तुम्ही बँकेत होतात म्हणून आलो. जरा बघता का? बेरीज चुकतेय."

बेरीज चुकतेय, हे शब्द कानावर पडले की निवृत्त बँकवाल्याची वामकुक्षी संपते. उभी हयात पाच पैशांचा फरक शोधण्यात गेलेली; शाखेतून रात्री नऊला निघताना कुठल्या तरी लेजरात ५४ चे ४५ झालेले सापडावे आणि त्या आनंदात घरी जेवणसुद्धा सुचू नये, असे दिवस आम्ही काढले आहेत. मी चष्मा लावला आणि कागद पसरला.

चाळीस कामगारांची नावे. सोमवार ते शनिवार असे रकाने. रोजची आत येण्याची वेळ, बाहेर जाण्याची वेळ, मधली अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी वजा, आणि शेवटी आठवड्याचे एकूण तास. पूर्वी हे काम जाड पुठ्ठ्याच्या हजेरीवहीत होई. आता एक्सेल नावाच्या तक्त्यात होते. बहुतेकांची वेळ नऊ ते सहा. म्हणजे दिवसाचे साडेआठ तास, सहा दिवसांचे एक्कावन्न. पण शेवटच्या रकान्यात यंत्राने लिहिले होते: ३:००. चाळीस नावांपुढे जवळजवळ सरसकट तीन तास. एक बाई तान्हे मूल शेजारणीकडे ठेवून येते, म्हणून तिला साडेपाचला सोडतात. तिचे रोजचे आठ तास बरोबर लागले होते, आणि आठवड्याची बेरीज होती ०:००. रात्रीच्या रखवालदाराच्या ओळीत तर आकडाच नव्हता. रात्री आठला येऊन सकाळी सहाला जाणाऱ्या त्या माणसाच्या रकान्यांत या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसत्या फुल्याफुल्यांसारख्या जाळ्या छापल्या होत्या.

"आठवडाभर राबून शून्य," मुलगा म्हणाला आणि हसला. मीही हसलो. पण तो गेल्यावर ते शून्य माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

चूक समजायला अवघड नाही. या तक्त्याच्या पोटात वेळ तासांनी मोजत नाहीत, दिवसांनी मोजतात. एक अख्खा दिवस म्हणजे एक. तास म्हणजे त्याचा चोविसावा भाग. त्यामुळे बेरीज चोवीस तासांपलीकडे गेली की भिंतीवरच्या घड्याळाचे जे होते तेच तिचे होते. काटा पुन्हा शून्यावर येतो आणि उलटून गेलेले दिवस दिसेनासे होतात. एक्कावन्नातून दोन दिवस गेले, उरले तीन. अठ्ठेचाळिसातून दोन दिवस गेले, उरले शून्य. पोटातला हिशेब शाबूत असतो, तोंडावर मात्र खोटे दिसते. रखवालदाराचे दुखणे वेगळे: सकाळच्या सहातून रात्रीचे आठ वजा केले तर उत्तर ऋण येते, आणि ऋण वेळ दाखवणे या तक्त्याला जमत नाही. मध्यरात्री तारीख बदलते हे त्याला सांगावे लागते. तासाच्या एच या अक्षराला चौकटी कंस घातला की एक्कावन्न दिसू लागतात; रात्रपाळीत एक दिवस मिळवला की रखवालदार माणसांत येतो. दहा मिनिटांचे काम.

आणखी एक गंमत झाली होती. तासाचा दर ४० रुपये. (हा दर किमान वेतनाला धरून आहे का, असे मी विचारले. मुलगा कागदाकडे बघत राहिला. मी पुन्हा विचारले नाही.) एक्कावन्न तासांचे २०४० रुपये व्हायला हवेत. पण पोटात एक्कावन्न तास म्हणजे सव्वादोन दिवसांहून थोडे कमी, २.१२५, त्याला ४० ने गुणून यंत्राने मजुरी काढली होती ८५ रुपये. अर्थातच ती कुणाला दिली गेली नाही. ८५ रुपये बघून मुकादमापासून मालकापर्यंत सगळे ओरडले, म्हणून तर मुलगा माझ्याकडे आला होता.

ओरडणाऱ्या चुकीचे हे बरे असते. ती फार दिवस जगत नाही.

मी सवयीने विचारले, याच्या आधीचा तक्ता कसा होता? तो म्हणाला, आधीच्या कारकुनाचा साधा होता, बेरीज बरोबर यायची. मोबाइलवर त्याने तो काढून दाखवला. जुना कारकून वेळेच्या भानगडीत पडतच नव्हता. साडेआठ तास झाले की तो सरळ आठ टिंब तीस असे लिहायचा आणि चाळिसाने गुणायचा. ३३२ रुपये. सगळे शांत.

वाचकहो, जरा थांबून हा गुणाकार करून पाहा. साडेआठ तास म्हणजे आठ टिंब पाच. चाळिसाने गुणले तर ३४० होतात. तीस मिनिटे म्हणजे तासाचे अर्धे. पण दशांशात ८.३० म्हणजे आठ तास अठरा मिनिटेच. रोजची बारा मिनिटे, रोजचे आठ रुपये, दर माणशी. महिन्याच्या २६ दिवसांचे २०८ रुपये. चाळीस माणसांचे ८,३२०. तासांत सांगायचे तर महिन्याला २०८ तास, म्हणजे आठ तासांच्या हिशेबाने बरोबर २६ दिवस. त्या शेडमध्ये हजेरीवर चाळीस माणसे होती आणि कामावर एक्केचाळीस. एकेचाळिसावा कुणाला दिसत नव्हता आणि दरमहा पूर्ण महिना फुकट राबत होता. मुलाच्या सांगण्याप्रमाणे हा तक्ता तीन वर्षे चालला.

माझे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये दिवाणजी होते. बारा पैचा आणा, सोळा आण्यांचा रुपया, अशा तीन मजली बेरजा ते बोटे न मोडता करत. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि पुढे जन्मलेल्या आमच्या पिढीला सगळे जग शंभराचे आहे असे वाटू लागले. तास मात्र अजून साठ मिनिटांचाच आहे. वडिलांनी आठ तास तीस मिनिटांना आठ टिंब तीस कधीही म्हटले नसते. त्या कारकुनाने ते मुद्दाम केले असे मी म्हणत नाही, बहुधा नसेलच. पण पस्तीस-छत्तीस वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट मी पाहिली आहे. अजाणतेपणी झालेल्या चुकाही बहुतेक वेळा एकाच बाजूला झुकतात: वही ज्याच्या कपाटात असते त्याच्या बाजूला. दुसऱ्या बाजूला झुकलेली चूक दोन दिवसांत सापडते, कारण तिथे शोधणारा असतो.

मघाच्या तीन तासांबद्दल एक सांगायचे राहिले. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याची मर्यादा ४८ तासांची घातली होती आणि त्यावरच्या कामाला दुप्पट दर; दुपटीचे कलम पुढे नव्या वेतन संहितेतही आले. एक्कावन्न वजा अठ्ठेचाळीस म्हणजे तीन. यंत्राने चुकून दाखवलेले ते ३:०० म्हणजे नेमके दुप्पट दराचे तास होते. योगायोगच, पण मुलाला ते सांगितले तेव्हा तो एकदम गंभीर झाला. दुप्पट दराचा रकाना त्या तक्त्यात नव्हताच. जुन्यात नव्हता आणि नव्यातही नाही.

आणि ज्याला रकाना नाही, ते घडलेच नाही असे ठरते.

मुंबईच्या गिरण्यांत कामगार सूर्योदय ते सूर्यास्त राबत होते तेव्हा सुट्टीलाही रकाना नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो मागितला, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज ही पुरवणी आपण चहाबरोबर वाचतो आहोत त्यात त्यांचा वाटा आहे. १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने पहिलाच करार केला तो आठ तासांच्या दिवसाचा. एवढे सगळे झाले ते गिरण्या-कारखान्यांपुरते. आमच्या सातपुड्याच्या पायथ्याशी तास ही वस्तूच फार उशिरा पोचली.

इथे वर्ष होते. खानदेशात सालदाराचे साल आखाजीला सुरू होते आणि पुढच्या आखाजीला संपते. वर्षाची एकच रक्कम ठरते. पहाटे गुरांच्या चाऱ्यापासून रात्री पाणी धरण्यापर्यंत जे पडेल ते काम त्यात आले. तास कुणी मोजत नाही. मोजतात ते खाडे. आजारपणाचे, सोयरिकीचे, मयताचे खाडे मालकाच्या वहीत बिनचूक असतात, आणि हिशेबाच्या दिवशी ते वजा होतात. म्हणजे माणूस कामावर होता याची नोंद नाही, नव्हता याची आहे. हजेरीपटाचा हा उलटा प्रकार हिशेबाच्या कुठल्याही पुस्तकात मी वाचलेला नाही. १९७२ मध्ये शहाद्याला श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग महाराजांसारखा माणूस तिच्यात होता. जमिनीच्या प्रश्नाबरोबर मजुरीचा आणि सालदारांचा प्रश्न तिने लावून धरला, तेव्हा कित्येक मालकांना पहिल्यांदाच आपली वही चारचौघांत उघडावी लागली.

हंगामात गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्यांचे तर साल नाही आणि तासही नाही. तिथे टन आहे. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', उचल आधीच घेतलेली, आणि गाडी रात्री दोनला लागली तर रात्री दोनला मोळ्या वाहायच्या. त्यांच्यासाठी तक्ता करायचा तर कुठल्या वेळेला सुरू करावा हेच कळणार नाही.

सरकारी कामावर मात्र हजेरीपट आला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळात राज्यभर गेली. तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. गंमत अशी की त्याच १९७९ मध्ये अमेरिकेत डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी व्हिसिकॅल्क हा पहिला गाजलेला संगणकी तक्ता बाजारात आणला. एक आकडा बदलला की फळ्यावरचे सगळे आकडे पुसून पुन्हा मांडावे लागतात, हे वर्गात बसून पाहताना ब्रिकलिनला ती कल्पना सुचली होती. पुढे लोटस आला, मग एक्सेल. लोटसने सन १९०० हे लीप वर्ष धरले होते, जे ते नव्हते. जुन्या फायली चालाव्यात म्हणून एक्सेलने ती चूक तशीच ठेवली, आणि आजही त्याच्या पंचांगात २९ फेब्रुवारी १९०० ही कधीच न उगवलेली तारीख आहे. मस्टरवर कधीच न आलेल्या मजुरांची नावे बघत ज्यांची नोकरी गेली त्यांना याचे नवल वाटणार नाही.

मस्टर हा शब्द आमच्या भागात लहान मुलालाही कळतो. मस्टर निघाले, मस्टर संपले, नाव मस्टरवर नाही. केंद्राचा रोजगार हमी कायदा २ फेब्रुवारी २००६ ला ज्या दोनशे जिल्ह्यांत आधी आला त्यांत नंदुरबार होता. त्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीला, २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार कार्ड दिले गेले. पुढे मजुरी त्याच आधारला बांधली गेली, आणि १ जानेवारी २०२३ पासून हजेरी मोबाइलवर आली: कामावर दिवसातून दोनदा, सकाळी एक आणि दुपारनंतर एक, जागेच्या अक्षांश-रेखांशासह मजुरांचा फोटो.

या मुलाची आई अशाच एका कामावर सलग समतल चर खोदायला जात असे. तो सांगत होता, फोटोसाठी सगळ्यांना उतारावरून वर यावे लागे, कारण ग्रामरोजगार सेवकाच्या मोबाइलला रेंज टेकडीवरच मिळे. फोटो आधी काढून नंतर पाठवता येतो, अशी सोय होती. पण नंतर तो गेला नाही तर काय, या भीतीने सगळे चढून येत. मजुरी ठरायची ती चराच्या मोजमापावर. फोटोने फक्त हजेरी लागायची. म्हणजे चर खोदला आणि फोटो नाही, तर दिवस नाही. फोटो आहे आणि चर कमी भरला, तर पैसे कमी. दोन्ही बाजूंनी पुरावा द्यायचा तो तिनेच.

बरे, यातून चोरी थांबली असती तर एवढे सोसायलाही हरकत नव्हती. पण ८ जुलै २०२५ ला केंद्राच्या ग्रामविकास खात्यानेच परिपत्रक काढून सांगितले की फोटोचाच फोटो काढून टाकतात, कामाशी संबंध नसलेली चित्रे चढवतात, फोटोतली माणसे आणि मस्टरवरची नावे जुळत नाहीत. त्या वर्षीच्या डिसेंबरात संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला आणि शंभर दिवसांचे १२५ केले. दिवस वाढले हे चांगलेच. हजेरी कशी लावायची यावर जेवढी चर्चा झाली, त्याच्या शतांशानेही ती मजुराला परत वाचून कशी दाखवायची यावर झाली नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

मजुरी उशिरा आली तर भरपाई किती होती हेही सांगून टाकतो, बँकवाला आहे म्हणून. दिवसाला ०.०५ टक्के. २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने सहा दिवसांचे १८७२ रुपये अडकले, तर दर दिवसाचे साधारण ९४ पैसे. असो.

इतका वेळ मी दुसऱ्यांच्या वह्या तपासतो आहे. आता माझी.

१९९९ मध्ये मी खानदेशातल्या एका शाखेत व्यवस्थापक होतो. शाखेत पहिला संगणक आला होता आणि मी हौसेने रात्री थांबून एक्सेल शिकत होतो. शाखेत रोजंदारीवर एक शिपाई होता. पाणी भरणे, व्हाउचरांचे गठ्ठे बांधणे, रोकड मोजताना दाराशी उभे राहणे, चहा. औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले की ती सलग सेवा धरली जाई, आणि मग माणसाला काढायचे तर नोटीस, भरपाई असे सगळे मागे लागे. म्हणून वरून तोंडी सूचना असे: २४० होऊ देऊ नका. पूर्वीचे व्यवस्थापक ते डायरीत मोजत. मी त्याचा तक्ता केला. तारखा भरल्या की दिवस आपोआप मोजले जात, आणि २२० च्या वर आकडा गेला की तो चौकोन लाल होई. आयुष्यात मी रचलेला पहिला तक्ता तो. क्षेत्रीय कार्यालयातल्या एका साहेबांनी तो पाहून माझे कौतुक केले आणि इतर शाखांना पाठवायला सांगितला. मी पाठवला.

त्यात एकही चूक नव्हती. आठ टिंब तीसवाल्या कारकुनाला मी नावे ठेवतो आहे, पण त्याचा तक्ता निदान चुकलेला तरी होता. माझा अगदी बरोबर होता आणि तो एका माणसाला दरसाल कामावरून घालवण्यासाठीच केला होता.

एकदा संध्याकाळी कपाटाला कुलूप लावताना त्याने मला विचारले, "साहेब, माझे दिवस किती झाले?" मी म्हटले, "बघून सांगतो." आकडा माझ्या समोरच्या पडद्यावर होता, २३१. पुढच्या सोमवारपासून त्याला येऊ नकोस असे सांगितले. दोन महिन्यांनी तो पुन्हा आला, पुन्हा एकपासून मोजणी सुरू झाली. मी त्याला तो आकडा कधीच सांगितला नाही, आणि त्यानेही परत विचारले नाही. मी तीन-चार कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतल्या एकीतही हा माणूस आलेला नाही. यायला हवा होता.

त्याच शाखेत, त्याच टेबलावर, ज्याच्या खात्यात पाचशे रुपये होते अशा खातेदारालाही आम्ही पासबुक भरून देत होतो. त्याला वाचता येत नसेल तर कारकून वाचून दाखवी. एखादी नोंद पटली नाही तर तो खिडकीशी भांडू शके, आणि लेजर काढून दाखवणे आम्हाला भागच होते. बँकेवर लोकांचा विश्वास होता तो आमच्या चेहऱ्याकडे बघून नव्हे. त्या लहानशा पुस्तिकेमुळे होता. आमच्या लेजराची एक प्रत त्याच्या घरातल्या पेटीत होती, एवढाच त्याचा अर्थ. माणूस बँकेत ठेवतो ते पैसे. कामावर ठेवतो ते तास. त्याचे पासबुक कुठे आहे?

तसा प्रयत्न झालेला नाही असे नाही. रोजगार हमीचे जॉब कार्ड हे कल्पनेने पासबुकच होते. केलेले दिवस आणि मिळालेली मजुरी त्यात लिहून मजुराच्या हाती द्यायची होती. पण कोरी जॉब कार्डे आणि सेवकाच्या पिशवीत राहिलेली जॉब कार्डे मी पुष्कळ पाहिली आहेत. राजस्थानात १९९४ च्या डिसेंबरात पाली जिल्ह्यातल्या कोट किराना या गावी मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाई भरवली आणि सरकारी कागदांतले तपशील गावासमोर मोठ्याने वाचले. कुणाच्या नावावर काय लिहिले आहे ते लोकांनी प्रथमच ऐकले. मस्टर आम्हाला बघू द्या, या एवढ्याशा मागणीतून पुढे चाललेल्या लढ्याने २००५ चा माहिती अधिकार आला. आपल्याकडे लोक माहितीच्या अधिकाराने मंत्रालयातल्या फायली मागतात ते ठीकच; त्याचे मूळ मात्र खडी फोडणाऱ्यांच्या हजेरीत आहे.

माझे म्हणणे फार मोठे नाही. तक्ता एक्सेलमध्ये असो, मोबाइलवर असो की पुठ्ठ्याच्या वहीत. ज्याचे तास त्यात लिहिले त्याला आठवड्याला एकदा ते त्याच्या भाषेत, तास आणि मिनिटे वेगवेगळी लिहून, दर आणि गुणाकारासह, हातात मिळाले पाहिजेत. वाचता येत नसेल तर वाचून दाखवले पाहिजेत. यंत्राला याचा काडीचाही भार होत नाही. चाळीस चिठ्ठ्या छापायला चार कागद लागतात. भार होतो तो दुसऱ्या कुणाला तरी, आणि तो का होतो हे मी माझ्या लाल चौकोनावरून सांगू शकतो.

मुलगा दोन आठवड्यांनी परत आला. तक्ता दुरुस्त झाला होता. एक्कावन्नचे एक्कावन्न दिसत होते, रखवालदारही जाळीतून बाहेर आला होता. मालकाने आठ टिंब तीसची चूक ऐकून घेतली, चालू महिन्यापासून सुधारायला हो म्हटले आणि मागचे उकरू नकोस असे बजावले. दुप्पट दराचा विषय काढायची हिंमत याला झाली नाही. पण चिठ्ठ्या त्याने छापल्या होत्या, आणि शनिवारी पगाराच्या वेळी बायकांना वाचून दाखवल्या होत्या. पावरीत सांगितल्यावर एकीने लगेच अडवले: मंगळवारी गाडी भरायची होती म्हणून आम्ही चौघी सातपर्यंत होतो, इथे सहाच आहेत. चौघींचा तासतास त्याने तिथल्या तिथे वाढवला. शून्य तासवाल्या बाईने आपली चिठ्ठी घडी घालून पदराच्या गाठीत बांधली, म्हणाला.

मग त्याने मोबाइल पुढे केला. तक्त्याच्या अगदी उजवीकडे त्याने एक रकाना मांडून लपवून ठेवला होता. प्रत्येकाच्या नावापुढे तीन वर्षांच्या रोजच्या बारा मिनिटांची रक्कम, हजेरीचे दिवस मोजून काढलेली. "साहेब, हे ठेवू की पुसून टाकू? कुणी बघितलं तर माझी नोकरी जाईल."

बँकेत ज्या रकमेचे काय करायचे हे आज ठरत नाही, ती उचंत खात्यात टाकतात. ती नफ्यात घेता येत नाही आणि पुसताही येत नाही. दर तपासणीला तपासनीस तीच नोंद काढून विचारतो, ही कधीची, आणि अजून का पडून आहे? नोकरी त्याची आहे, माझी नव्हे. म्हणून ठेव की पुसून टाक हे मी त्याला सांगितले नाही. ठेवणार असशील तर वर तारीख लिही, एवढे म्हटले. त्याने माझ्यासमोर ती लिहिली.